कानबाईच्या रविवारी श्रमदान

आमच्या मुख्याध्यापिका बाईंना शिबिराचा अहवाल एका पानात लागतो. मुली किती, खड्डे किती, रोपं किती. तसा तो मी दिला. तो वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रोपांपेक्षा खड्डे जास्त कसे?" मी म्हटलं, "बाई, ते एका पानात मावणार नाही." म्हणून इथे लिहिते आहे. खास करून माझ्या वाईच्या माणसांसाठी, ज्यांना खानदेश म्हटलं की केळी आणि ऊन यापलीकडे काही आठवत नाही आणि जी अजून मला पत्रातून विचारतात, "तिकडे प्यायला पाणी तरी मिळतं ना?"

मी जळगावच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. गेल्या दोन वर्षांपासून श्रमदानाचं कामही माझ्याच गळ्यात आहे. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा, गणितवाल्यांना जादा तास. इतिहासवालीला काय, मेलेली माणसं. ती कुठे पळून जात नाहीत, तेव्हा हिला वेळ असणारच, असा एकंदर हिशेब.

यंदा श्रावणात झाडं लावायला कुठल्या तरी खेड्यात जायचं ठरलं. गाव सुचवलं दहावीतल्या विमल पाटीलने. शिंदखेडा तालुक्यात, बुराई नदीच्या काठी. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेल. तारीख मात्र माझी. नागपंचमीची सुट्टी, तिला लागून शनिवार-रविवार, सोमवार बाईंकडून मागून घेतला. मला वाटलं, इतकी नामी तारीख पंचांगात दुसरी नसेल.

आधी वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलींनी हात वर केले. तारीख सांगितली आणि गळती लागली. कुणाची आजी आजारी, कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाचा भाऊ सुरतेहून यायचाय. गंमत म्हणजे ज्या शेतकऱ्यांच्या, शिंप्या-सोनारांच्या धडधाकट मुलींच्या भरवशावर मी कुदळी मागवल्या होत्या, नेमक्या त्याच गळाल्या. मी श्रमप्रतिष्ठेवर अर्धा तास बोलले. मुली खाली मान घालून ऐकत होत्या. सात वर्षं जळगावात राहूनही त्या माना खाली का आहेत हे मला कळलं नाही, आणि बाईंची तारीख चुकली हे बाईंच्या तोंडावर सांगणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. उरल्या त्या मारवाडी, गुजराती आणि रेल्वेच्या चाळीतल्या, दोन-तीन आमच्यासारख्या घाटावरच्या. आणि एकटी विमल पाटील.

पारोळा

जळगावहून सरळ रेल्वेने शिंदखेड्याला जाता येतं. पण इतिहासाची बाई पारोळ्याचा किल्ला सोडून कशी जाईल? म्हणून शुक्रवारी सकाळी एसटीने निघालो. कुदळी, फावडी, घमेली टपावर. वनखात्याच्या रोपवाटिकेतली कडुनिंबाची आणि करंजाची रोपं पोत्यात घालून मुलींच्या पायांशी.

पारोळ्याच्या स्टँडवर सगळं सामान उतरवलं आणि मी मोठ्या हौसेने किल्ल्याच्या बुरुजाकडे बोट दाखवून बोलायला लागले. मुलींनी माना तिकडे वळवल्या. सामानावर लक्ष ठेवायला नेमलेली कांचनही माझंच ऐकत होती. तेवढ्यात एका शेळीने करंजाच्या पोत्यात तोंड घातलं, आणि शेळी एकटी कधीच नसते. आम्ही धावलो तोवर करंजाचे नुसते दांडे उरले होते. शेळ्यांची मालकीण पलीकडे भाजी विकत बसली होती. ती मलाच म्हणाली, "बाई, झाड कोठे असं उघडं ठेवतस का?"

कांचन म्हणजे कापडवाल्या जैनांची मुलगी. चातुर्मास असल्यामुळे तिला सूर्यास्तानंतर जेवायचं नव्हतं, कांदा-लसूण तर एरवीही नव्हता, आणि माती खणली तर जीव मरतात म्हणून कुदळही हातात धरायची नव्हती. "मग येतेस कशाला?" असं मी निघतानाच विचारलं होतं. "पाणी आणीन की, बाई," म्हणाली, आणि खरं सांगायचं तर पुढे सगळ्यांत जास्त काम तिनेच केलं. शिवाय तिच्या पोटात काही राहत नाही. हा तिचा दुर्गुण मला नंतर फार उपयोगी पडला.

किल्ल्याचा खंदक हिरव्या पाण्याने भरला होता. आत काटेरी झुडपं, पडकी तटबंदी, आणि एका कोपऱ्यात म्हशी. तटावर बसून शिदोऱ्या सोडल्या. कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. उडीद घातलेली ही काळसर भाकरी मी पहिल्या वर्षी तोंड वाकडं करून खाल्ली होती. आता सासरी वाईला गेले की हीच आठवते.

विमल माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाई, किल्ला ज्यांचा होता त्यांचे वंशज आले, तर त्यांना आपला म्हणून आत येऊ देतात का?"

"किल्ला सगळ्यांनाच उघडा आहे. आपणही आलोच की."

"तसं नाही. आपलं म्हणून."

मी तिच्याकडे पाहिलं. वर्गात ही मुलगी सगळ्या घराण्यांच्या वंशावळी धडाधड म्हणते, पण बोलते कमी. ती खंदकाकडे बघत म्हणाली, "बाई, आपण जातोय ते माझ्या वडिलांचं गाव आहे. मी कधी पाहिलेलं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती तान्ही असतानाच वडील गेले. आई तिला घेऊन मेहरूणला भावाकडे आली ती परत गेली नाही. काही महिन्यांनी थोरला दीर, म्हणजे विमलचे आबा, बैलगाडी जोडून न्यायला आले. मामाने त्यांना दारातूनच परत लावलं. आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही. आबा तहानलेलेच गाडी वळवून गेले आणि त्या घराचं पाणी कधी प्यायचं नाही, नावही घ्यायचं नाही अशी शपथ खाल्ली. तेव्हापासून इकडचं माणूस तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही.

"आणि हे तू मला आता सांगतेस?" मी चिडले. चिडणारच. परक्या गावात मुलींना घेऊन निघालेय, आणि माझ्या शिबिरात हिने घरचं भांडण घालून आणलेलं. "तुला तिथे हवंय तरी काय? शेत? घर?"

"नाही बाई. परवा रविवारी कानबाई आहे. मला रोट खायचाय."

मला कानबाईचं नाव ऐकून ठाऊक होतं, पण रोट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिने समजावून सांगितलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, वर फुलोरा. आदल्या संध्याकाळचं दळण, त्याच्या पुरणपोळ्या, खीर, सगळ्या नैवेद्याला मिळून रोट म्हणायचं. आणि तो खायचा फक्त त्या कुळातल्या माणसांनी. जावई आला तरी त्याला नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली.

"मामाकडे रोट होतो," विमल म्हणाली, "पण मी मामाच्या कुळाची नाही. आईही आता नाही. त्या दिवशी मामी आम्हा दोघींना वेगळं जेवण देते. मागच्या खोलीत बसून जेवतो. मामी वाईट नाही, बाई. रीतच तशी आहे."

आमच्या वाईला प्रसाद म्हणजे घाटावरून जाणाऱ्यालाही हाक मारून हातावर ठेवायची वस्तू. घरात शिजलेलं अन्न घरातल्याच मुलीला मिळत नाही, हे मला ऐकूनच गिळेना. आणि माझ्या मुलींच्या पोटदुखीचं कारणही तेव्हाच कळलं. आपापल्या घरचा रोट सोडून माझे खड्डे खणायला कोण येणार!

"मामा स्थळं बघतोय," ती पुढे म्हणाली. "मॅट्रिक झाले की लग्न. मग मी तिसऱ्याच कुळाची. माझ्या बाबांचा रोट मला कधीच मिळणार नाही. एकदा खायचाय. म्हणून हे गाव सांगितलं. तारीख तर बाई तुम्हीच काढलीत." एवढं बोलून ती थोडी हसली.

परत फिरावं असं एकदा मनात आलं. पण मुलीने बाकी काही मागितलं नव्हतं, फक्त घासभर अन्न मागितलं होतं. मी तिला बजावलं की आधी काम, आणि स्वतःहून तोंड उघडायचं नाही. तिने मान हलवली.

धुळे

धुळ्याला एका शाळेत मुक्काम केला. सरळ आखलेले रस्ते पाहून मुलींना भूमितीची वही आठवली. फुनके आणि कढी असं जेवण मिळालं. फुनके म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके. त्यावर तेल सढळ हाताने ओतलं नाही तर घशाखाली उतरत नाहीत. कांचनसाठी बिनलसणाचे वेगळे केले होते आणि ती सूर्य बुडायच्या आत घाईने खात होती. मला मात्र ते गोड लागले नाहीत, कारण उद्या काय वाढून ठेवलंय याचाच विचार चालला होता.

बुराईकाठी, शनिवार

फाट्यावर एसटीने सोडलं. पुढे काळ्या मातीचा रस्ता. ही माती पायाला धरली की सोडत नाही. चार पावलांत चप्पल शेराची होते. मुलींनी चपला हातात घेतल्या. दोन्ही बाजूंना कपाशी आणि गुडघाभर हायब्रीड ज्वारी.

गावातले गुरुजी सामोरे आले. भला माणूस, पण चेहरा पडलेला. "बाई, पत्रात लिहिणार होतो," ते म्हणाले, "पण तुम्ही तारीख पक्की केलेली, म्हटलं कसं बोलावं. उद्या कानबाई. गावात चूल पेटेल ती रोटाची. तुम्हाला कोणी जेवायला घालू शकणार नाही. लोकांना लाज वाटून राहिलीय." मी म्हटलं, आम्ही पोहे करून खाऊ. पण त्यांनी तोड काढून ठेवली होती. गावात किराणा दुकानाचं एक मारवाडी घर होतं. त्यांच्याकडे कानबाई नसते. उद्या दुपारची डाळबाटी त्यांच्या ओट्यावर.

काम म्हणजे गावापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर झाडं लावणं. ती वाट आबांच्या घराच्या बाजूनेच जात होती, पाणीही आबांच्याच आडावरून आणायचं होतं. टाळावं म्हटलं तरी टाळता येण्यासारखं नव्हतं.

आबा दुपारी काम बघायला आले. उंच, डोक्याला पांढरा रुमाल, आवाज खणखणीत. पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांची थट्टा केली. "बठ्ठ्या शहरन्या पोरी! कुदळ धराले येस का?" बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, पोरी हसल्या. मग एकेकीला विचारत निघाले, कोनी पोर, कोठली. मारवाडी म्हटल्यावर गोत विचारलं, रेल्वेवाली म्हटल्यावर गाडी वेळेवर का येत नाही ते विचारलं. विमल खड्ड्यात उभी होती. शेजारी कांचनने ठेवलेली कळशी. विमलने घाम पुसला, तांब्या भरला आणि आबांपुढे धरला.

"तू कोनी पोर व?"

"विमल. विमल पाटील."

आता खानदेशात पाटील म्हणजे कोण हे विचारण्यात अर्थ नसतो. ढेकूळ उचललं तरी खाली पाटील निघतो. आबांनी तांब्याला हात लावला होता. "कोठली?"

"जळगाव. मेहरूण."

त्यांचा हात तांब्यावरून निघाला. ते तिच्याकडे बघत राहिले. मग ते वळले आणि घरात गेले. विमलने तांब्यातलं पाणी कडुनिंबाच्या रोपाला घातलं आणि पुन्हा कुदळ उचलली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी गुरुजी आम्हाला कानबाईचं दळण दाखवायला घेऊन गेले, ते नेमके आबांच्याच घरी, कारण जुन्या रीतीने जात्यावर दळणारं घर तेच उरलं होतं. परक्या माणसाने ओटा ओलांडायचा नाही. आम्ही ओट्यावर बसलो, दार सताड उघडं. आत जात्याशी एक म्हातारी बसली होती. सगळा गाव तिला अक्का म्हणतो. आबांची आई, म्हणजे विमलची आजी. ठेंगणी, कणखर, कपाळावर गोंदण. सुपात गहू घेऊन ती मूठ मूठ टोपलीत टाकत होती आणि प्रत्येक मुठीला घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेत होती. गुरुजींनी हळूच सांगितलं, ज्याच्या नावाची मूठ पडली त्याच्या घराचा रोटात वाटा.

"हाई मन्हा मोठानी," आबांची मूठ पडली. मग आबांच्या मुलांच्या, नातवांच्या. सूप रिकामं होत आलं. अक्का जराशी थांबली, तिने दाराकडे पाठ केली आणि आणखी एक मूठ टाकली. काहीतरी पुटपुटली, पण नाव मला ऐकू आलं नाही. विमलने मात्र माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

परत शाळेच्या वाटेवर मी विचारलं, "काय झालं?"

"बाबांचं नाव घेतलं," ती म्हणाली. "सुकदेव म्हणाली."

मेलेल्या मुलाच्या नावाची मूठ म्हातारी अजून टाकत होती. म्हणजे वाटा होता. वाटेकरी बाहेर ओट्यावर बसली होती, आणि आत बोलावण्याचा अधिकार ज्याचा, तो तिच्या हातचं पाणी टाकून गेला होता.

रविवार

सकाळी मी आबांकडे गेले. एकटीच. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. वारस, हक्क, लेकरू निरपराध वगैरे. गादीचे वाद वर्गात मी इतके शिकवले आहेत की मला वाटलं, एक खेडूत काका माझ्यापुढे कितीसा टिकेल! आबांनी मला खाट दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही पाहुण्या. झाडं लावा, बठ्ठं गाव तुमचं नाव काढील. घरातलं मात्र घरात राहू द्या. मी भर उन्हात त्या दाराशी उभा राहिलो होतो. कुत्र्यालेबी कोणी पाणी ठेवस. मला नाही ठेवलं. भाऊ मेला होता माझा. त्याचं लेकरू आणायला गेलो होतो मी, भांडायला नाही."

माझ्याकडे होती ती एका बाजूची हकीकत, आणि इतिहासाच्या बाईनेच दुसरी बाजू विचारली नव्हती. चहा संपवून मी उठले.

दुपारपर्यंत उरलेले खड्डे झाले. खड्डे आम्ही कडुनिंबाच्या रोपांपुरतेच खणत होतो, तरी मोजण्यात चूक होऊन आबांच्या ओट्याजवळचा शेवटचा खड्डा रिकामाच राहिला. त्याचं झाड पारोळ्याच्या शेळ्यांनी खाल्लं होतं. गाव पुरणाच्या वासाने भरून गेलं होतं. आम्ही दुकानदाराच्या ओट्यावर डाळबाटीला बसलो. बाट्या तुपात बुडवून वाढत होते, मुली तुटून पडल्या होत्या. विमलने बाटी कुस्करली आणि तशीच ठेवली. मी तिला खा म्हटलं नाही. माझ्याच्यानेही जाईना.

इतक्यात समोरच्या बाजूला अक्का येऊन उभी राहिली. नवं नऊवारी लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर. तिच्यामागे आबा, भुवया आवळलेल्या. हे कसं झालं ते नंतर कळलं. सकाळी आडावर अक्काने कांचनला विचारलं होतं, की ती सारखी घराकडे बघणारी पोर कोण? आणि पारोळ्याच्या तटावर आमच्यामागे बसून सगळं ऐकलेल्या कांचनने कळशी भरेपर्यंत मेहरूणपासून पारोळ्यापर्यंतचं सगळं सांगून टाकलं होतं.

अक्का माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने विमलला हाक मारली. "पोरी, तांब्या भरी लई ये."

विमल उठली. दुकानाच्या दाराशी कांचनने भरून ठेवलेली कळशी होती, तिच्यातून तांब्या भरला आणि रस्ता ओलांडून गेली. मुलींचे हात ताटातच थांबले. दुकानदार तुपाचं भांडं धरून उभा राहिला.

"याले दे," अक्का आबांकडे बोट दाखवून म्हणाली. "तुन्हा मामानी नही दिधं. तू दे."

विमलने तांब्या पुढे केला. आबा हलले नाहीत. मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस दुसऱ्यांदा वळून जाणार आणि ही मुलगी जन्मभर हे विसरणार नाही, आणि हिला इथे आणणारी मी. विमलच्या हातातल्या तांब्याचं पाणी काठावरून सांडत होतं. पण तिने तांब्या खाली घेतला नाही.

आबांनी तांब्यात वाकून पाहिलं. मग कळशीकडे पाहिलं. "हाई पानी कोठलं शे?"

कांचन माझ्यामागून ओरडली, "तुमच्याच आडाचं, आबा! मीच आणलंय!"

"मंग हाई काय मेहरूणनं पानी नही," आबा म्हणाले. "आपलाच आडनं शे." आणि तांब्या उचलून त्यांनी वरून धार धरली, गटागटा, सगळा तांब्या. प्यायल्यावर मिशा पुसल्या. शपथ मोडली असं कुणी म्हणू नये याची सोय त्यांनी स्वतःच करून घेतली होती. "चाल," ते विमलला म्हणाले आणि पुढे निघाले.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदमच.

आम्ही ओट्यापर्यंत मागे गेलो. पुढे जायचं नव्हतं हे आता सगळ्यांना माहीत होतं. आत कानबाई बसलेली दिसत होती. नथ घातलेला नारळ, वर टांगलेला फुलोरा, समईचा उजेड. घरची माणसं पंगतीला बसली होती. अक्काने विमलला आपल्या शेजारी बसवलं. ताट एकच होतं. पुरणाची पोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. विमलने घास घेतला नाही. तिला काय करावं सुचत नव्हतं. अक्काने पोळी मोडून तिच्या हातात दिली.

"तुन्हा वाटाना रोट इतला साल मीच खात उनू," अक्का म्हणाली. "आते तुन्हा तू खाय."

रोट पुनवेपलीकडे उरवायचा नसतो, बाहेर द्यायचा नसतो. मूठ टाकली की तिचा घास कुणाला तरी खावाच लागतो. सुकदेवच्या लेकीचा वाटा ही म्हातारी इतकी वर्षं आपल्या पोटात घालत आली होती. पोट भरलेलं असलं तरी. हे मला ओट्यावर बसल्या बसल्या कळलं, आणि परक्याला वाढायचं नाही ही रीत सकाळपर्यंत जितकी आडमुठी वाटत होती तितकी ती मला आता वाटेना. विमल खात होती. मान खाली घालून, घाईने, जणू कुणी ताट उचलून नेईल. अक्का तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

जेवणं झाल्यावर सगळ्यांनी एकाच भांड्यात हात धुतले. त्या पाण्यातला कणही पायदळी जायचा नाही म्हणून ते खड्ड्यात ओतून बुजवतात. आबा भांडं घेऊन बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि आमच्या त्या रिकाम्या खड्ड्यात ओतलं. मग विमलच्या हातात फावडं दिलं. माती तिने लोटली. तर मुख्याध्यापिका बाई, रोपांपेक्षा खड्डा जास्त झाला तो असा.

सोमवार

सकाळी कानबाई वाजतगाजत नदीवर निघाली. बायका फुगड्या घालत होत्या आणि विमल अक्काचा हात धरून मधोमध चालली होती. आम्ही मागून. बुराईला गढूळ पाणी होतं. विसर्जन झालं, मूठभर वाळू घेऊन मंडळी परत फिरली.

फाट्यापर्यंत आबा स्वतः गाडी घेऊन पोचवायला आले. वाटेभर हायब्रीडच्या भाकरीला चव नाही यावर बोलले, दुसरं काही नाही. एसटी आल्यावर त्यांनी विमलच्या हातात फडक्यात बांधलेलं पुडकं ठेवलं. "आईले दे," म्हणाले. "पुनवना आत खावाले सांग. ती आपलाच घरनी शे." मग जरा थांबून, "पुढला साल गाडी घी येसू. पानी पाजा म्हनो मामाले."

परतीच्या वाटेवर विमल खिडकीशी बसली होती, पुडकं मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. तूप आणि वेलदोड्याचा वास गाडीभर पसरला होता. कांचनने दोनदा वास घेतला आणि तोंड फिरवून बसली. तिला रीत एव्हाना पाठ झाली होती. मला मात्र राहवेना. रविवारी मी धड जेवले नव्हते, आणि अमळनेर यायला अजून वेळ होता. परतताना आम्ही पारोळ्याऐवजी त्या वाटेने निघालो होतो.

"विमल," मी म्हटलं, "एवढी तुला घेऊन आले. एक तुकडा तरी दे."

मी थट्टाच केली होती. ती एरवी माझा शब्द खाली पडू न देणारी मुलगी. तिने माझ्याकडे पाहिलं, पुडक्याची गाठ आणखी घट्ट केली.

"नाही बाई," ती म्हणाली. "आमच्यात बाहेरच्यांना देत नाहीत."